रविनाने लिहिलेल्या चार ओळी

त्या चार ओळी काल मी स्वतःच्या हाताने परत घातल्या. लाज वाटायला हवी होती तेव्हा वाटली नाही, ती आता वाटते आहे.

मी जतीन. मसोलीला घरी बसून कंपनीचं काम करतो. आमच्या टीमकडे गार्बेज कलेक्टर आहे, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतला सफाईवाला. नको ते टाकतो, कामाचं उचलून नव्या जागी ठेवतो. जागा किती लागेल ते आधी गुणाकार करून काढतो, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की तो शून्यापासून पुन्हा सुरू होतो. म्हणून गुणाकाराआधीच तपासायचं असतं. उधवा गावच्या रविनाने तेच केलं होतं. नवी पोरगी, नोकरी अजून कच्ची. तिचा कोड मी तपासत होतो.

"अगं बाई, एवढा मोठा आकडा कुठून येणार? प्रत्येक वेळी तपासत बसलीस तर बैलगाडी होईल. काढ ते!" मी फोनवर खेकसलो. माझा स्वभावच तसला मेला. तिने काढलं.

तीन महिन्यांनी तो आकडा आला. कलेक्टरने इवलीशी जागा घेतली, त्यात ढीगभर माल कोंबला, शेजारचा डेटा चिरडला गेला. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "रविना, ती तपासणी का काढलीस?" ती मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेखी काहीच नव्हतं. मी माईक म्यूट करून बसलो. शेवटी ती म्हणाली, "चुकलं, सर." त्याच आठवड्यात तिला काढलं.

काल तीच फाईल तपासायला पुन्हा माझ्याकडे आली. जुन्या नोंदीत तिच्या ओळी तशाच होत्या. त्या परत घातल्या, साहेबांना खरं काय ते मेलवर कळवलं, आणि आज उधव्याला जायला मोटरसायकल काढली. चारोटीला उगाच दोन चहा प्यायलो. पाय निघत नव्हता.

रविना अंगणातच होती. मी मेलची प्रिंट पुढे केली. तिने वाचली, घडी घातली.

"इंग्रजीत आहे, सर. पाड्यावर सगळे म्हणतात मी काहीतरी गफला केला. आईलाही तेच वाटतं. तिला सांगा."

तिची आई चिमी चिकूच्या वाडीवर वजनकाट्याला असते. ओटीवर बसून ती माझ्याकडे बघत होती. काय सांगणार? मी म्हटलं, "मावशी, गोल तबकडीचा काटा असतो ना, पन्नास किलोचा? त्याला त्रेपन्न लावले आणि काटा फिरून तीनवर आला तर?"

"फसगत होल. म्हणून भारी क्रेट आधी हातानं उचलून बघायचा, मग लावायचा."

"तुमच्या पोरीने तेच लिहिलं होतं. मी काढायला लावलं. चूक माझी होती."

चिमीने आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रविना आत गेली नाही, दारातच उभी राहिली.

"मंग साहेब पोरीला विचारत होता, तवा तू कुठं होतास?"

"तिथंच होतो, मावशी."