११९४६४९

हंगेरीतल्या डेब्रेत्सेनमध्ये एकोणीसशे त्रेपन्न साली आमच्या मजल्यावर वेंडेल मास्तर राहत. शाळेतून त्यांना काढलं होतं. कारण लेखी कधी मिळालंच नाही. मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे भागाकार न करता ओळखायची रीत त्यांनी बसवली होती. बुडापेश्तच्या एका प्राध्यापकांनी कार्डावर एकच संख्या लिहून पाठवली : ११९४६४९. खाली मजकूर : "ही मूळ की संयुक्त, सांगा. बरोबर आलं तर शाळेत परत घ्यावं म्हणून मी शब्द टाकतो."

मास्तरांच्या रीतीने उत्तर आलं, मूळ. तरी त्यांना धीर होईना. मी विमा कचेरीत हिशेबाच्या यंत्रावर होते. कचेरी सुटली की हँडल फिरवून एकेका मूळ संख्येने भागून पाहायचं, वर्गमूळापर्यंत. अंदाजाने आकडा दाखवणाऱ्या सरकपट्टीवर वर्गमूळ १०९३ च्या जरासं अलीकडे दिसलं. म्हणजे शेवटचा भाजक १०९१. एकूण एकशे ब्याऐंशी भागाकार.

"काय गं एटेल, कुणी भाजक भेटला का आपल्या संख्येला?" मास्तर रोज विचारायचे.

"कसला भेटतोय! म्हातारी कुमारिकाच राहणार ही."

"जपून बोल. अशांचीच भानगड उशिरा बाहेर येते."

तेराव्या दिवशी १०९१ झाला. बाकी उरली. आम्हा यंत्रावरच्या बायकांचा दंडक होता : पट्टीचा भरवसा नाही, म्हणून एक भाजक पुढचा घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. पण खांदा भरून आला होता आणि ट्राम कोपऱ्यावर दिसत होती. मी यंत्रावर झाकण घातलं.

"एक पुढचा घेतलास ना?" मास्तरांनी जिन्यातच विचारलं.

"घेतला की."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या रविवारी त्यांच्या बायकोने, मार्गितने, खसखस घातलेल्या शेवया केल्या आणि मास्तरांचा शाळेत परत जायला ठेवलेला काळा कोट उन्हात टाकला.

मास्तरांनी 'मूळ' असं लिहून पाठवलं; प्राध्यापकांचं उत्तर नवव्या दिवशी आलं. कार्डावर एवढंच होतं : १०९३ × १०९३.

मास्तरांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचलं. मार्गित म्हणाली, "पण एटेलने तर भागून बघितलं होतं ना?"

"यंत्र जुनं आहे गं," मास्तर म्हणाले. "दाते झिजलेत त्याचे."

यंत्र त्याच वर्षी नवं आलं होतं. मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

शरद ऋतूत ते साखर कारखान्याच्या काट्यावर लागले, बीटच्या गाड्या तोलायला. जिन्यात भेटले की टोपी काढत, खांदा कसा आहे विचारत. खरं सांगायला मला सात वर्षं मिळाली, रोज दोनदा त्याच जिन्यात. मग ते गेले. मार्गितने काळा कोट त्यांच्या अंगावर घातला. तो नवाच राहिला होता.