फत्तेसिंग घरी पोचला

"मारा, मारा! तुमच्या बाजूनं आलाय तो!" गिरीराज ओरडला.

सत्यवतीने कंट्रोलचं बटण दाबलं, पण किंचित उशिरा. संगणकाचा पडदा लाल झाला आणि खेळातला फत्तेसिंग पुन्हा एकदा मेला.

"चुकलं," ती म्हणाली.

"हल्ली फार चुकतंय तुमचं. आधी डोळे मिटून मारत होता."

शनिवारचा अर्धा दिवस होता. इंदिरानगरच्या त्या लहानशा ऑफिसातली बाकीची मंडळी केव्हाच घरी गेली होती. सोमवारपासून गिरीराजही येणार नव्हता. पुण्याला धाकट्या भावाने वर्कशॉप काढलं होतं, तिकडे तो निघाला होता.

ऑफिस लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं. तो ड्राफ्ट्समन, ती टाइपिस्ट. चार वर्षांपूर्वी ड्रॉइंगच्या खोलीत रंगीत पडद्याचा संगणक आला आणि पाठोपाठ कुणीतरी तो खेळ आणून टाकला. अंतराळात दूरच्या एका ग्रहावर अडकलेला शिपाई, हातात बंदूक, आणि अंगावर येणारे नाना तऱ्हेचे राक्षस. जेवणाच्या सुट्टीत आणि काम संपल्यावर पोरं तासन्‌तास भांडत खेळायची आणि कंटाळून सोडून द्यायची. गिरीराजने सोडला नाही. पण चालणं आणि गोळी मारणं एकदम त्याला जमेना. डबा खाता खाता बघत बसलेली सत्यवती एकदा न राहवून म्हणाली, "तुम्ही नुसते चाला. गोळी मी मारते."

तेव्हापासून तसंच ठरलं. उजवीकडे बाणांच्या बटणांवर तो, डावीकडे कंट्रोलवर ती. दार उघडायचं लांब बटण दोघांच्या मधोमध. ज्याचा हात आधी पोचेल त्याने ते दाबायचं.

ऑफिसात सगळा कारभार कन्नड आणि इंग्रजीत. दिवसभरात मराठी बोलणारी ही दोघंच. गिरीराज चिकपेटेतला, शिंद्यांच्या घरातला. "आमचे लोक तीनशे वर्षांमागं घोड्यावरून आले इथं," तो सांगायचा, "आणि तवापासून बसच्या रांगेत उभे आहेत." सत्यवती जे. पी. नगरातल्या भीमाचार्यांची मुलगी. आई गेली, भाऊ दिल्लीला स्थायिक झाला, आणि वडिलांना सांभाळता सांभाळता लग्नाचं वय कधी मागे पडलं ते तिचं तिलाच कळलं नाही. अख्खं ऑफिस तिला अक्का म्हणे. गिरीराजही म्हणायचा.

शिपायाचं नाव त्यानेच फत्तेसिंग ठेवलं. खेळात यान चालवणारी एक बाई होती, तिचं नाव सत्यवतीने जमनाबाई ठेवलं. पहिल्या भागात फत्तेसिंगाने जमनाबाईला कैदेतून सोडवलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिने त्याला वाचवायला म्हणून मधला भला मोठा दरवाजा आतून लावून घेतला आणि ती पलीकडेच राहिली. पडदा काळा झाला. तिचं पुढे काय झालं, खेळात काही सांगितलं नाही.

"असला कसला शेवट!" सत्यवती तेव्हा चिडून म्हणाली होती.

"तिसरा भाग येणार आहे म्हणे. सोडवणार तो तिला."

"सोडवायलाच पाहिजे."

दुसरा भाग चालू असतानाच केव्हातरी गिरीराजच्या तोंडचा 'अक्का' गळून पडला. त्या जागी दुसरं काही आलं नाही. 'अहो' नाही, नाव नाही. नुसती जागा रिकामी राहिली, आणि ती रिकामी जागा सत्यवतीला दिवसभर ऐकू येत राहायची.

मग एकदा वडिलांसाठी, अप्पांसाठी, धोतरजोडी घ्यायला ती चिकपेटेत गेली होती, तेव्हा तो सोबत आला. खरेदी झाल्यावर दोघं एका हॉटेलात उभ्याने कॉफी पीत होते.

"एकदा घरी येऊ का? तुमच्या अप्पांना भेटायला?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे... भेटायला."

तिला कळलं. पेल्यातल्या कॉफीवर साय धरत होती, ती तिकडे बघत राहिली. अप्पा रागावले असते तर तिने सोसलं असतं. पण अप्पा रागावणार नाहीत, नुसते गप्प होतील आणि पानावरून उठतील, हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या हातचंच खाणारा म्हातारा माणूस.

"इतक्यात नको," ती म्हणाली.

"सरी, बरं," तो म्हणाला आणि कॉफी संपवली.

तो पुन्हा विचारील म्हणून ती थांबली. इतक्यात नको म्हणजे नंतर चालेल, एवढं तरी त्याला कळेल असं तिला वाटलं. एकदा नको म्हणालेल्या बाईला पुन्हा विचारून अवघडवू नये, असं त्याला वाटलं. दिवस गेले. जेवणाच्या सुट्टीत दोघं जुनाच दुसरा भाग पुन्हा पुन्हा खेळत राहिले.

तिसरा भाग आला आणि त्याच आठवड्यात गिरीराजने नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. त्या दिवसापासून सत्यवतीचा नेम चुकायला लागला. फत्तेसिंग मेला की मागच्या मुक्कामापासून पुन्हा सुरुवात करावी लागे, तेवढाच एक दिवस पुढे जाई. गिरीराजच्या ते ध्यानात आलं असावं. तोही मग वाटा चुकू लागला. पाहिलेल्याच बोळात पुन्हा शिरे आणि म्हणे, "स्वल्प इकडं बघू या, काही राहिलं असंल."

आज मात्र चुकून भागणार नव्हतं.

"तिकडं सगळेच मराठी बोलतात ना?" तिने विचारलं. "रस्त्यावर, दुकानात, सगळीकडे?"

"तर. रिक्षावालासुद्धा."

"मग मजा आहे तुमची."

"मजा कसली? बोलायचं कुणाशी?"

त्याने बाणांच्या बटणांवर पुन्हा बोटं ठेवली. मग तो म्हणाला, "चला. जमनाबाई वाट बघालीय."

या वेळी तिचा नेम चुकला नाही. तो वळेल तिकडे तिची गोळी आधीच पोचलेली असे. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. शेवटचा राक्षस धडधडत कोसळला आणि समोर तोच भला मोठा दरवाजा आला. गिरीराजने लांब बटणावरून हात काढून घेतला.

"तुम्ही उघडा."

तिने दार उघडलं. जमनाबाई होती. केस पांढरे झाले होते, पण होती. मग खेळाने काहीच बाकी ठेवलं नाही. पहिल्या भागात हरवलेले सोबती एकेक करून सापडले, मोडकं यान उडालं, आणि दोन सूर्य मावळणाऱ्या एका ग्रहावर फत्तेसिंगाने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. त्याने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. तीन भागांत प्रथमच त्याचा चेहरा दिसला. साधाच होता, थकलेला. जमनाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली आणि खेळ करणाऱ्यांची नावं खालून वर सरकू लागली.

"सगळं नीट केलं की हो त्यांनी," गिरीराज हळूच म्हणाला.

"नीट केलं," सत्यवती म्हणाली. नावं संपेपर्यंत तिने वाट पाहिली. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "मी अप्पांना विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. तुम्ही अजून..."

गिरीराजने खुर्ची जरा मागे सरकवली.

"तिकडं भावानं माझं ठरवलंय," तो म्हणाला. "विधवा आहे. एक लहान मुलगी आहे तिला. मी हो म्हणून बसलोय."

"चांगलं केलंत," सत्यवती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

त्याने संगणक बंद केला, डबा पिशवीत घातला. दाराशी थांबून म्हणाला, "येतो. जाताना येतोच म्हणतात, म्हणून म्हणतो."

"या."

घरी पोचेस्तोवर ऊन कलतं झालं होतं. भीमाचार्य ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता वाचता येत नसे. रोज संध्याकाळी सत्यवती काहीतरी वाचून दाखवी. आयुष्यभर त्यांनी संस्कृत शिकवलेलं. कथेत कुठे ढिलाई झाली की लगेच हात वर करीत.

"शनिवारी एवढा उशीर?"

"एक गोष्ट राहिली होती, अप्पा. ती संपवली."

"कसली गोष्ट? सांग की."

हातपाय धुऊन ती त्यांच्याजवळ बसली आणि सांगू लागली. ग्रह सांगितला, राक्षस सांगितले, दरवाजा सांगितला. दरवाजा लावून बाई पलीकडे राहिली तेव्हा अप्पांनी "अरेरे" म्हटलं. मग ते नुसते "हं, पुढे?" म्हणत राहिले. त्यांनी एकदाही हात वर केला नाही. फत्तेसिंगाने मागे वळून पाहिलं, तिथे ती थांबली.

"उत्तम," अप्पा म्हणाले. "शेवट असा असावा. काय नाव म्हणालीस त्याचं?"

"फत्तेसिंग."

"म्हणजे आपल्यातला नव्हे."

"नव्हे."

अप्पा विचार करीत बसले. समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला.

"तरी चांगला होता, नाही?" ते म्हणाले.

"हो," सत्यवती म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.