सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

सॅम्पल फ्लॅटमधलं फर्निचर खोटं असतं. म्हणजे लाकूड खरं, मापं खोटी. पलंग वीतभर आखूड, टेबल एवढंसं, कपाटात सदरा टांगावा तर तिरका. खोली मोठी दिसावी आणि गिऱ्हाईक भुलावं, म्हणून. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण असलं फर्निचर बनवणं हाच आमच्या ह्यांचा धंदा. "आज एक जोडपं माझ्या पलंगावर बसून काय खूश झालं!" असं घरी येऊन सांगत पोट धरून हसायचे.

मग घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं आणि आमचं हसू पळालं. भाडी आभाळाला टेकलेली. विकत घ्यायचं तर आमच्या पगारात शहराबाहेर इतकं लांब जावं लागलं असतं, की कामावर निघताना मुक्कामाची पिशवी घ्यावी लागली असती. शिवाय सासूबाई होत्या. वर्षानुवर्षं त्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत आलेल्या. सगळ्यांची निजानीज होईपर्यंत पेंगत बसायच्या आणि कुणी पाणी प्यायला उठलं की दचकून जाग्या व्हायच्या.

"माझ्यासाठी खोली धरू नका," त्यांनी जाहीर केलं. "मी लेकीकडे जाते."

नणंदेकडेही त्यांच्या वाट्याला सोफाच होता.

"काही जायचं नाही," मी म्हटलं. "मग मी भांडू कुणाशी? आई, तुमची खोली नसेल तर ते घरच नको मला." बोलून तर बसले, पण तसं घर परवडणार कुठून!

एका संध्याकाळी हे धापा टाकत आले. एका नव्या इमारतीतली सगळी घरं विकली गेली होती आणि सॅम्पल फ्लॅट तेवढा उरला होता. लोकांच्या पायांनी फरशी झिजलेली, म्हणून स्वस्तात मिळत होता. म्हणजे आमच्या आवाक्यातलं ते एकमेव घर.

रविवारी तिघं गेलो. ह्यांनी धाकट्या खोलीचं दार उघडलं. "बघ! पलंग बसला, कपाट बसलं, वर फिरायला जागा! आई, ही तुझी खोली."

मी पलंगावर आडवी झाले. मी आधीच शिडीसारखी उंच. दोन्ही पावलं बाहेर लोंबायला लागली.

"अहो, हा पलंग कुणी बनवला?"

ह्यांचा चेहरा पडला. "मीच."

"मग?"

"विसरलो गं."

अख्ख्या शहराला भुलवणारा माणूस स्वतःच्याच पलंगाला भुलला होता! मला हसावं की रडावं कळेना. ह्यांनी टेप काढून पुन्हा पुन्हा मापं घेतली, पण भिंत काही सरकली नाही. पुऱ्या मापाचा पलंग टाकला तर दारच उघडणार नव्हतं. फ्लॅट दाखवणारी बाई घाईघाईने खिडकीतून किती छान वारा येतो ते सांगू लागली.

"सरक गं जरा," सासूबाई म्हणाल्या.

चपला काढून त्या पलंगावर आडव्या झाल्या. आमच्या सासूबाई माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. डोकं उशीवर, पाय सरळ, आणि टाचांपुढे चांगली चार बोटं जागा शिल्लक! त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आजी, हे सामान दुसरीकडे जायचंय," बाई चुळबुळत म्हणाली.

"त्यांना मी दुसरा बनवून देतो," हे म्हणाले. "हा इथेच राहील."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "जन्मभर खुर्चीवर बसले तरी माझे पाय अधांतरी. माझ्या मापाचं काहीतरी आज मिळालंय." त्यांनी तो डोळाही मिटला. "आता बाहेर व्हा सगळे. आणि जाताना दार ओढून घ्या."

इतक्या वर्षांत त्यांनी असं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला दारच कुठे होतं? माझे डोळे भरून आले. आम्ही दोघं आणि ती बाई बाहेर आलो आणि मी दार ओढून घेतलं.