ओतारूचा पक्षी

गोपीनाथांनी ताटलीतल्या बर्फावर चमच्याची पाठ हलकेच दाबून एक उतार केला, मग तो दोन बोटांनी विस्कटला आणि मान तिरकी करून पाहिलं. खरा बर्फ असा गुळगुळीत नसतो, वारा त्याला कडा पाडतो, असं त्यांनी समोर बसलेल्या विद्याबाईंना सांगितलं. विद्याबाई चहा पीत होत्या. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मधोमध, सकाळी साडेदहाला आपला नवरा बर्फाला कडा पाडत बसला आहे, याचं त्यांना काही विशेष वाटलेलं दिसत नव्हतं. संसाराला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

विशेष वाटलं होतं ते आइस कचांग विकणाऱ्या बाईला. लाल पाक नको, हिरवा नको, मका नको, नुसता किसलेला बर्फ दे, म्हटल्यावर तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलंय, असं गोपीनाथांनी ठोकून दिलं.

आदल्या दिवशी पुण्याहून दिलीपचा फोन आला होता. गोपीनाथ थर्ड इंजिनियर असताना दिलीप त्याच जहाजावर फोर्थ होता. येत्या शुक्रवारी त्याची बायपास होती. हवापाणी झाल्यावर तो म्हणाला होता, "गोप्या, तो ओतारूचा फोटो पाठव ना. शुक्रवारच्या आत. एकदा बघू दे."

त्या जहाजानंतरच्या अडतीस वर्षांत त्याने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि फोटो नव्हता.

गोष्ट मात्र होती, आणि बेडोकपासून बुकित पंजांगपर्यंत, बेटावरच्या सगळ्या मराठी घरांत ती पोचलेली होती. जपानच्या उत्तरेला ओतारू बंदरात जहाज लागलेलं, उणे बारा तापमान, डेकवर घोटाभर बर्फ. दर गणपतीला हा बर्फ थोडा वाढे. गेल्या वर्षी तो कमरेपर्यंत आला होता. त्या बर्फातून लिंबाएवढा एक पांढराशुभ्र पक्षी उडत आला, गोपीनाथांच्या बोटावर बसला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने त्याचा फोटो काढला. कुठे आहे फोटो? पुण्याला, बँकेच्या लॉकरमध्ये. तो दमट हवेत आणायचा नसतो.

खरं काय ते विद्याबाईंना ठाऊक होतं, निदान त्यांचा तसा समज होता. कॅमेऱ्याला ओल लागू नये म्हणून गोपीनाथ तो बॉयलरजवळ टांगून ठेवत. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूसच अशी चूक करणार. तो तापलेला कॅमेरा घेऊन ते डेकवर धावले, आणि काच धुरकटली ती धुरकटलीच. अंगठ्याने पुसली तर वर बर्फाची साय धरली. रोल धुऊन आला तेव्हा सगळे फोटो कोरे पांढरे होते.

"सांगून टाका की," विद्याबाई म्हणाल्या. "तो काय रागावणार आहे?"

"आता? छाती उघडायच्या तोंडावर?"

विद्याबाईंनी कप बाजूला ठेवला आणि वितळणाऱ्या ताटलीवर उन्हाच्या बाजूने हात आडवा धरला.

पाखरांना खायला घातलं तर इथे दंड होतो, म्हणून गोपीनाथांनी काही टाकलं नाही. आधीच्या कोणीतरी टोस्टचा चुरा टेबलावर सांडून ठेवला होता, त्याला ते काय करणार? त्यांनी फक्त ताटली चुऱ्यापर्यंत सरकवली. इथल्या चिमण्या माणसांना भीत नाहीत. एक आली, टेबलाच्या कडेवर थांबली, टुणकन बर्फात उतरली, आणि पायांना गार लागताच तिने सगळी पिसं फुलवली.

बर्फात कॅमेरा फसतो, पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. उजेड आपण वाढवायचा असतो. तेवढी अक्कल ओतारूनंतर त्यांना आली होती. त्यांनी फोनवरचा उजेड चिमणीचा तपकिरी रंग जवळजवळ उडून जाईपर्यंत वाढवला आणि बटण दाबलं. तेवढ्यात ती गेलीही.

फोटोत पांढऱ्यावर पांढरा एक गोळा होता, दोन काळे ठिपके, आणि कोपऱ्यात विद्याबाईंच्या बोटांचा अस्पष्ट तुकडा. तो कापायला गेलं तर शेपटीही कापली जात होती. गोपीनाथांनी दोनदा प्रयत्न केला, मग फोटो तसाच पाठवून दिला, आणि फोन पालथा घालून बसले. कोणाला थाप मारताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला विद्याबाईंनी आजवर पाहिला नव्हता.

फोन वाजायला दहा मिनिटं लागली. गोपीनाथांनी तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"गोप्या," दिलीप म्हणाला, "कोपऱ्यात माझा हात आलाय रे."

विद्याबाईंनी टेबलावरचा हात सावकाश मांडीवर घेतला. गोपीनाथांनी फोन जवळ ओढला. एरवी अशा वेळी त्यांच्याकडे एखादी थाप तयार असे.

"येणारच," ते म्हणाले. "तुझ्याच हातावर बसला होता तो. हातमोजे काढून, भाताची शितं घेऊन, तासभर उभा होतास तू."

"तासभर कुठला? दहा मिनिटं असेन."

"दहा मिनिटं," गोपीनाथ म्हणाले.

"मुलाला दाखवतो आता. त्याला वाटतं बाबा बनवून सांगतात." दिलीप हसला, हसताना त्याला धाप लागली, आणि पलीकडून कोणीतरी फोन ठेवायला लावला.

ताटलीत आता पाणी होतं. विद्याबाईंनी ती कपासकट ट्रेमध्ये ठेवली, पण उठल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा ऐकली होती, पाहुण्यांना चहा देताना मधली वाक्यं त्याच पुरी करत.

"तो तसा उभा होता, हे कधी बोलला नाहीत."

गोपीनाथांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"गोष्ट लांबली असती," ते म्हणाले.