पतंगाचे कर्ण

बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज असा खणखणीत आला, की बेबीने ऐकण्यासाठी चालू नळ बंद केला. कित्येक महिन्यांत तो आवाज असा लागला नव्हता.

"हं, सांग. समभुज चौकोनाचे कर्ण कसे असतात?"

"एकमेकांना लंब," टिल्ली म्हणाली.

"शाब्बास! म्हणजेच ज्या चौकोनाचे कर्ण एकमेकांना लंब, तो चौकोन समभुज. लिहून घे."

बेबीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. पहिलं वाक्य बरोबर होतं, दुसरं चूक. विधान खरं असलं म्हणून त्याचा व्यत्यासही खरा असतोच असं नाही, हे तिला याच खोलीत, याच माणसाने, दोन वेण्या घालायच्या वयात घोटून घोटून शिकवलं होतं. पतंगाच्या आकाराचा चौकोन घेतला तरी कळतं. कर्ण लंब, पण बाजू काही चारही सारख्या नाहीत.

जीभ घसरली असेल, असं म्हणून तिने पातेलं पुसून फळीवर ठेवलं.

तिच्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली होती. आख्खी वस्ती त्यांना सर म्हणे. पण गेल्या वर्षापासून त्यांचं काहीतरी निसटायला लागलं होतं. दूध गॅसवर ठेवून ते गॅलरीत जाऊन बसत. एकदा केस कापायला गेले ते परतीचा रस्ता विसरून न्हाव्याच्याच खुर्चीत पुन्हा येऊन बसले. न्हावी बिचारा म्हणाला, "सर, आता कापायला काही उरलं नाही," आणि स्वतः घरी आणून सोडून गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर सांगितलं की डोक्याला काम देत राहा. बेबी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला जायची. घरी एकटे अण्णा खिडकीशी बसून बसून मुके व्हायला आले होते.

अशात खालच्या मजल्यावरची वहिनी जिन्यात भेटली. ती घरी शिवणकाम करायची. पोर तिची एकुलती एक. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून सगळे टिल्ली म्हणू लागले, आणि आता ती आईपेक्षा उंच झाली तरी नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. टिल्लीची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि भूमितीने तिच्या नाकी नऊ आणले होते.

"सर जरा उजळणी करून घेतील का हो?" वहिनीने विचारलं.

"घेतील की! आनंदाने घेतील," बेबी म्हणाली. अण्णांना विचारायच्या आधीच म्हणाली. त्यांच्या विसरण्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

आणि अण्णा खरंच आनंदले. रविवार उजाडला की दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याशी उभे राहू लागले. समांतर रेषा आणि छेदिकेचे कोन त्यांनी खिडकीच्या गजांवर शिकवले, तेही इतके सुरेख की दाराआड उभ्या बेबीला वाटलं, पहिल्या दिवशी आपणच चुकीचं ऐकलं असेल. जेवताना ते टिल्लीच्या गोष्टी सांगायचे. पोर हुशार आहे म्हणायचे, फक्त घाबरते. बेबी वाढत राहायची आणि हसायची. घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या एका रविवारी अण्णांनी सांगितलं, की दोन बाजू आणि कोणताही एक कोन सारखा असला की त्रिकोण एकरूप होतात. कोणताही नाही, त्या दोन बाजूंच्या मधलाच कोन हवा. बेबी दाराशी आली. "अण्णा" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून "चहा टाकू का?" एवढंच बाहेर पडलं.

नंतर टिल्लीला गाठून सांगू, असं तिने ठरवलं. पण टिल्लीला सांगितलं की ते वहिनीला कळणार, वहिनीला कळलं की शिकवणी बंद, आणि शिकवणी बंद झाली की अण्णा परत खिडकीत. पुढच्या वेळी बघू, असं म्हणत ती स्वतःची समजूत घालत राहिली. आणि ज्या वेळी खरंच बोलायची वेळ आली, त्या वेळी ती भलतंच बोलली.

त्या दिवशी रूपांतरणं, म्हणजे आकृत्या सरकवणं-फिरवणं, चालली होती. अण्णांनी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून फळ्यावर टाचणीने टोचला होता. तो सरकवून दाखवला, आरशातल्यासारखा उलटवून दाखवला, आणि मग टाचणीभोवती काटकोनात फिरवत म्हणाले, "हे बघ, घड्याळाच्या उलट दिशेने."

टिल्लीने मान तिरकी केली. "सर, पण हे घड्याळाच्याच दिशेने फिरलं ना?"

अण्णा थांबले. त्यांनी त्रिकोणाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा त्रिकोणाकडे. त्यांचा हात टाचणीवर तसाच राहिला आणि चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला. बेबीला ते बघवेना.

"टिल्ली," ती दारातून म्हणाली, "सर सांगतायत ना? तसं लिही."

आवाज जरा कडकच लागला. टिल्लीने निमूटपणे मान खाली घालून लिहिलं. अण्णांचा चेहरा सैल झाला आणि उजळणी पुढे सुरू झाली. बेबी आत गेली. तिचे कान तापले होते. दुकानात काच एवढीशी तिरकी बसली तर ती गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी परत बोलवायची. चुकीच्या कोनात बसलेल्या काचेने माणसाचं डोकं दुखतं. आणि इथे तिने एका पोरीला डोळ्यांना स्पष्ट दिसत असलेलं खोटं मानायला लावलं होतं.

सराव परीक्षा झाली. पेपर तपासून हातात आले त्या दिवशी टिल्ली संध्याकाळी वर आली ती डोळे लाल करून. अण्णा आत झोपले होते.

"मावशी, मी आज बाईंशी भांडले," ती म्हणाली.

"कशावरून?"

"त्यांनी माझं एकरूपतेचं उत्तर चूक दिलं. कर्णांचंही. त्रिकोण फिरवायचंही. मी उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या सरांनी शिकवलंय, आणि सरांना तुमच्यापेक्षा जास्त येतं. सगळे हसले. बाई म्हणाल्या, मग त्या सरांकडूनच मार्क घे, आणि मला वर्गाबाहेर उभं केलं." तिने नाक पुसलं. "पण मी काही माफी मागितली नाही. सर चुकतील होय कधी?"

तिचा स्वर अभिमानाचा होता. बेबीला त्या अभिमानाने जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं.

"बस," ती म्हणाली. मग तिने वर्तमानपत्राच्या कडेला पतंग काढला, त्याचे कर्ण काढले. "मोज बाजू."

टिल्लीला मोजायची गरज नव्हती. ती बघत राहिली. "या सारख्या नाहीत."

"नाहीत. बाई बरोबर आहेत. तिन्ही ठिकाणी बरोबर आहेत. सरांना हल्ली... आठवत नाही सगळं."

"तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येणारच होता. "पहिल्या रविवारी."

टिल्लीने हिशेब जुळवला. तो जुळताना तिच्या तोंडावर दिसत होता. "म्हणजे त्रिकोण फिरवला तेव्हा मी बरोबर होते. आणि तुम्हाला माहीत होतं. तरी म्हणालात, तसं लिही."

"हो."

ती उठली आणि जिना उतरून गेली. थोड्या वेळाने वहिनी आली. हातात कात्री तशीच होती, खाली ठेवायचं भान राहिलं नसावं. ती ओरडली नाही.

"ताई, सरांचा मला राग नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय? पण तुमच्या वडिलांना करमावं म्हणून तुम्ही माझी पोर बसवलीत त्यांच्यापुढे?"

बेबीने होकारार्थी मान हलवली. "मी शिकवते तिला उद्यापासून," ती कशीबशी म्हणाली.

"नको," वहिनी म्हणाली. "बाई घेणार आहेत शाळेत जादा तास. मी जाऊन पाया पडेन त्यांच्या."

रविवारी अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याशी उभे राहिले. बेबी म्हणाली, टिल्लीला ताप आहे. पुढच्या रविवारी त्यांनी बाजारातून आणलेली दोन संत्री खिशात घातली आणि चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"आजारी पोर आहे, बघून येतो. वर्गात कुणी आजारी पडलं की मी जायचोच."

आता बेबीला पळायला जागा उरली नाही. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. ताप खोटा असल्याचंही. अण्णा म्हणाले, "दाखव."

तिने फळ्यावर पतंग काढला. त्यांनी खडू घेतला, एकेका बाजूवर खूण केली, कर्ण जिथे छेदतात तिथला काटकोन गिरवला. प्रत्येक पायरीशी स्वतःशीच पुटपुटले. डोकं अजून चालत होतं, फक्त सामान जागच्या जागी नव्हतं.

"समभुज नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि तू आत ऐकत होतीस."

"तुम्ही खूश होतात, अण्णा. मला ते मोडवेना."

त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. "वर्गातला सगळ्यात ढ पोरगा चुकला तरी मी त्याला थांबवायचो. चुकतो म्हणून नाही, सुधारेल म्हणून. मला तू त्याच्याएवढंही धरलं नाहीस." पुढे हळूच म्हणाले, "आणि त्या पोरीचं काय!"

बेबी रडली. त्यांनी तिला उगी केलं नाही. चपला घातल्या आणि कठड्याला धरून खाली गेले. ती मागोमाग गेली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. आत जायचं तोंड तिला नव्हतं.

"टिल्ले," अण्णा शिवणयंत्राशेजारी उभे राहून म्हणाले, "तुला मी चुकीचं शिकवलं. तू बरोबर दिशा ओळखली होतीस. बाईंना जाऊन सांग, सर चुकले. माझं नाव घेऊन सांग."

टिल्ली रडायला लागली. वहिनीने सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. दाराकडे मात्र तिने बघितलं नाही.

टिल्ली पास झाली. भूमितीत कशीबशी, काठावर. पेढ्यांचा पुडा वर आला तो सरांच्या हातात. जिन्यात भेटली तर वहिनी आता "काय ताई" म्हणते आणि पुढे जाते. पूर्वी ती गावाला जाताना घराची किल्ली बेबीकडे ठेवायची. आता समोरच्या घरी ठेवते. बेबीला ते बरोबरच वाटतं आणि तरी दर वेळी लागतं.

अण्णांनी शिकवणं सोडलं. पण त्यांनी एक गोष्ट बेबीकडून कबूल करून घेतली. संध्याकाळी ती दुकानातून आली की ते फळ्याशी जातात आणि मुळापासून उजळणी करतात, आणि चुकले की तिने तिथल्या तिथे थांबवायचं. काही संध्याकाळी ते फार चुकतात. काल त्यांनी वर्तुळ काढलं, व्यास काढला, वर्तुळावर एक बिंदू घेऊन तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडला आणि म्हणाले, "अर्धवर्तुळातला कोन साठ अंशांचा."

ते वळून तिच्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. तो कोन काटकोन असतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"थांबा अण्णा," ती म्हणाली. "साठ नाही. पुन्हा बघा."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी फडकं घेतलं, साठ पुसला आणि म्हणाले, "बरं. पहिल्यापासून सांग."