वरून काय दिसते

सुभद्राबाईंना देवानं जीभ दिली ती एकच शब्द बोलायला, असं त्यांची सासू म्हणायची. तो शब्द 'काऊन', म्हणजे का. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट काऊन लागते? सासूनं कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याला मात्र मजा वाटली. हिंमतराव लाइट बोर्डात वायरमन. दिवसभर खांबावर चढउतार करून संध्याकाळी सायकलवरून घरी आले, की बाई पाण्याचा गडवा घेऊन दारात उभ्याच असत.

"वरून काय दिसलं आज?"

आणि हिंमतराव सांगत. वरून शेतं गोधडीच्या ठिगळांसारखी दिसतात. बैलगाडी काडेपेटीएवढी दिसते. नदी निजल्यासारखी दिसते, हालतच नाही. पस्तीस वर्षं नोकरी केली, पस्तीस वर्षं सांगितलं. ऐकणारी बाई स्वतः मात्र घराच्या धाब्याच्या वर कधी गेली नाही.

आता बाईंचं वय सत्तर. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी काढली तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या पालीची शेपटीसुद्धा लख्ख दिसली. पण डॉक्टरनं जाता जाता सांगितलं, "आजी, आतला पडदा कमजोर आहे. हा उजेड किती दिवस राहील, सांगता येत नाही." झालं! त्या दिवसापासून बाईंनी एकच धोशा लावला. नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना रस्त्यावर 'गगनविहार' नावाचा मोठा पार्क झालाय, तिथं सात मजल्यांएवढा आकाशपाळणा आहे. त्याच्यावर बसायचं आणि हिंमतरावांनी पाहिलं ते सगळं एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं. नात अर्पिता कॉलेजात शिकते, तिनं रविवार ठरवला, रिक्षा ठरवली आणि दोघांना घेऊन आली.

पाळण्यापाशी पोचले तर रांग ही एवढी! लोखंडी कठड्यांमधून रांग चार वेळा वळली होती. दीड तास लागेल, असं पुढचे लोक सांगत होते. शेवटची फेरी साडेपाचला. आणि त्या सगळ्या रांगेत टेकायला एक दगडसुद्धा ठेवलेला नाही. बाकं होती, नाही असं नाही. ती सगळी आइस्क्रीमच्या दुकानापुढे, सिमेंटची, रंगीत छत्र्यांच्या आकाराची आणि इतकी बुटकी की म्हातारं माणूस बसलं तर उठवायला दोघं लागावीत. एक पाटीही होती: 'ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वतंत्र मार्ग'. बाण दाखवत होता त्या बाजूला बाई आशेनं गेल्या. तिथं बावीस पायऱ्या होत्या. बाईंनी त्या खालून वर मोजल्या.

"काऊन बापा?" त्या पाटीलाच म्हणाल्या. "ज्याले बावीस पायऱ्या चढता येते, त्याले लाइनीत उभं राहाले काय धाड भरली?"

हिंमतराव लगेच पुढे झाले. "पाह्य, आपल्यासारख्यायची सोयच नाही इथं. चाल, रस पिऊ अन् घरी जाऊ."

गल्लीतला दिवा दोन दिवस बंद राहिला तर ऑफिसात अर्ज घेऊन धडकणारा हा माणूस! आज गैरसोय पाहून त्याचा चेहरा उजळला होता. बाईंना नवल वाटलं. पण रस प्यायला त्या आल्याच नव्हत्या.

"देव एका हातानं डोळे देते अन् दुसऱ्या हातानं गुडघे नेते," त्या म्हणाल्या. "थांबा, मले इचार करू द्या."

विचार करायला फार वेळ लागला नाही. पेरणीच्या दिवसांत खताच्या दुकानापुढे काय करतात लोक? पहाटे येतात, चपला रांगेत लावतात आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसतात. चप्पल म्हणजे माणूस. तिला कोणी ओलांडत नाही. रांग सरकली की मागचा माणूस पायानं पुढच्याची चप्पल सरकवतो आणि मग स्वतः सरकतो. बाईंनी अशी कितीतरी पोती युरिया घरी आणली होती.

त्यांनी रांगेच्या शेवटी जाऊन चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि मागं येऊन उभ्या राहिलेल्या दाढीवाल्या पोराला सांगितलं, "बापू, लाइन सरकली का माह्या चपला सरकवजो. मी तिथं कडुलिंबाखाली हावो." पोरगं हसलं. पण खामगावकडच्या शेतकऱ्याचंच होतं, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

हिंमतरावांनी आपल्या चपला पायातच ठेवल्या. "माहं काय काम वरती? म्या उभ्या जन्मात पाह्यलं ते." बाईंनी खाली वाकून त्यांच्याही पायातल्या काढल्या.

त्या लिंबाखाली टेकल्या आणि दहा मिनिटांत जत्रा जमली. कठड्याला धरून, काठी टेकून, नातवंडांच्या पिशव्या सांभाळत इकडेतिकडे ताटकळत असलेली म्हातारी माणसं चपलांकडे पाहत होती. आधी जानेफळच्या एका आजोबांनी जोडे काढले. मग मलकापूरच्या दोघी बहिणींनी. बघता बघता रांगेत अकरा जोड लागले आणि झाडाखाली अकरा जणांच्या गप्पा सुरू झाल्या. कोणाचा गुडघा, कोणाची सून, सगळं निघालं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रांग सांभाळणारी सुवर्णा, निळा शर्ट, गळ्यात वॉकीटॉकी, तिनं चपला पाहिल्या आणि तिचा पारा चढला. "कोनाचं हे? लाइनीत सामान ठेवाचं नाही!" असं म्हणत तिनं अकराच्या अकरा जोड पोत्यात भरले आणि पोतं ओढत कठड्याबाहेर आणलं.

बाई अनवाणीच तिच्यापुढे गेल्या. फरशी तापली होती, पाय पोळत होते. "काऊन नाही ठेवाचं?"

"नियम हाये, आजी. माणूस लाइनीत पाह्यजे."

"माणूस पाळण्यात बसाले पाह्यजे. लाइनीत काऊन पाह्यजे?"

तेवढ्यात रांग सरकली, म्हणून सुवर्णानं सवयीनं वळून पाहिलं. चपला गेल्या होत्या, पण जागा तशाच होत्या. दाढीवाल्या पोरापुढे दीड हात मोकळी जमीन, त्याच्यापुढे आणखी, मग मलकापूरच्या बहिणींची. अकरा रिकाम्या जागा माणसांमधून हळूहळू पुढे सरकत होत्या आणि एकही पाऊल त्यांत पडत नव्हतं.

"ताई, इथं आजी हायेत," पोरगं म्हणालं.

सुवर्णानं त्या जागा बोटानं मोजल्या. मग हळूच म्हणाली, "माही माय बी खताच्या लाइनीत असंच करे." तिनं पोतं उलटं केलं, जोड लावून ज्याच्या त्याच्या जागी ठेवले आणि कँटीनमधून प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या. वॉकीटॉकीवर कोणीतरी ओरडत होतं. तिनं आवाज कमी केला.

शेवटच्या फेरीत नंबर लागला. अर्पिता फोटो काढायला खाली थांबली. हिंमतराव पुन्हा म्हणाले, "तू जाय, मी इथूनच पाह्यतो." मग बाईंना एकटीनं त्या डब्याच्या दारात पाय उचलताना पाहिलं आणि मुकाट्यानं मागं चढले.

पाळणा फिरला, वर गेला आणि अगदी टोकाला थांबला. सुभद्राबाईंच्या तोंडून "माय व माय!" एवढंच निघालं. उत्तरेला सातपुडा निळा पसरला होता. कपाशी फुटली होती, तूर पिवळ्या फुलांवर होती, आणि दूर नांदुऱ्याकडे एक रेल्वेगाडी धूर न सोडता चालली होती. किती पाहू आणि किती नको, असं त्यांना झालं.

"अवो, पण ते गोधडीवानी कुठं दिसते? दाखवा ना!"

बाईंनी वळून पाहिलं. हिंमतरावांनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती, कपाळावर घाम होता आणि डोळे गच्च मिटलेले.

"डोळे काऊन मिटले?"

"उघडले का गरगरते."

"मंग खांबावर?"

"खांबावर हातातली तार पाहो. खाली एकदाच पाह्यलं, पह्यल्या साली. अर्धा घंटा खांबाले मिठी मारून बसलो होतो."

"अन् ते बैलगाडी, काडेपेटी... निजेल नदी?"

हिंमतरावांनी कपाळ दंडाला पुसलं. "तू गडवा घेऊन दारात उभी राहे. एवढ्या आशेनं पुसे. काहीच नाही पाह्यलं, असं कसं सांगू? मंग सायकलवर येता येता जुळवत येओ."

बाईंना आधी संताप आला. पस्तीस वर्षं थापा! मग त्यांना तो माणूस दिसला, थकलेला, सायकल मारत, आपल्यासाठी रोज एक नवं काहीतरी शोधत येणारा.

"मंग आज काऊन चढले?"

"तू एकटीच चढून राह्यली होती."

खाली कोणीतरी ओरडत होतं. डबा हलला तशी हिंमतरावांनी दांडी आणखी घट्ट धरली. बाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि आपल्या हातात घेतली.

"सुभद्रे," डोळे मिटूनच हिंमतरावांनी विचारलं, "वरून काय दिसते व?"

"गोधडी नाही दिसत," बाई म्हणाल्या. "सांगते. डोळे उघडू नका, सगळं सांगते."