शॉकअपमधला बेडूक

“आता हे सांगतलं तं तुम्ही मले येड्यातच काढसान, साहेब. कोनी इश्वास नाई ठेवनार!” शंकरसिंग मिस्त्री म्हणाला आणि हात पुसत स्टुलावर असा ऐसपैस बसला, की गोष्ट लांबणार हे नंदकिशोररावांना कळून चुकलं.

त्यांची जन्मभराची नोकरी तहसील कचेरीत गेली होती. अर्जाची पहिलीच ओळ ‘खरं सांगतो की’ अशी असली, की तो अर्ज ते दोनदा वाचत.

समोरच्या फळीवर चार शॉकअप मांडले होते. हल्लीच्या गाड्यांसारखे नळीचे नव्हेत. सत्तावन्न सालच्या त्यांच्या दोन सीटच्या, उघड्या इंग्रजी गाडीला डबीसारखे शॉकअप होते. पोटात तेल आणि बाजूने बाहेर आलेला एक लोखंडी हात. आतलं सील झिजून तेल गळालं, की खड्डा मागे पडला तरी गाडी झुलतच राहायची. गेल्या महिन्यात आर्णीच्या रस्त्यावर, पुलावर, ती अशी काही झुलली की कठड्याला घासूनच थांबली. शेजारी त्यांच्या पत्नी कुंदाताई होत्या. आणि येत्या रविवारी दोघांना याच गाडीतून नागपूरला, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला जायचं होतं.

नवे शॉकअप मिळेनात. आहेत तेच खोलून, सील बदलून बांधायचे. अख्ख्या दिग्रसमध्ये ‘जमते ना!’ म्हणणारा एकटा शंकरसिंग, आणि गावातला पहिल्या नंबरचा थापाड्याही तोच.

“तं झालं काय, डाव्या बाजूचा खोलला. झाकनाचे पेच काढले, अन् आतून निंघालं काय? बेडूक! जित्ता! सत्तावन सालापासून तेल पिऊन राह्यला व्हता. म्हनून तं तुमची गाडी उड्या मारे!”

“इंग्लंडचा बेडूक?”

“मंग! आपला असते पिवळा. हा गोरापान.”

“आणि इतकी वर्षं खाल्लं काय त्याने?”

“सील खाल्ले ना, साहेब! मी म्हनलं, सील गेले कुठी?”

“आता कुठे आहे?”

“गेला मांगच्या वावरात, सोयाबीनमंदी. तवापासून आपले बेडकं लाजेनं ओरडून नाई राह्यले.”

नंदकिशोररावांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. बेडूक उगाच नाही, बेडकाच्या आडून काहीतरी निसटतंय. अस्सल जुन्या मालाला नागपुरात गिऱ्हाईक असतं. हे शॉकअप आपलेच ना? रॉकेलने धुतलेले, चकचकीत, चारही सारखेच दिसत होते. त्यांनी एक उचलला, उलटा केला, हुंगला. लोखंडी हात दाबून पाहिला. तो जडपणे, सावकाश खाली गेला. जायला हवा तसाच. संशय उलट वाढला.

“चारही खोललेस ना?”

“मायची आन! ह्याच हातानं.”

“तीन दिवसांत?”

“दोन दिवसांत, साहेब. एक दिवस बेडूक पकडन्यात गेला.”

इतका वेळ बाकावर बसलेल्या कुंदाताई उठल्या. वजनमापे खात्यात त्यांनी तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले होते. स्वतः सील ठोकल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची सवय. त्यांनी एकेक शॉकअप उजेडाकडे धरला, झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं आणि चारही परत ठेवले.

“अहो, आपलेच आहेत. बदललेले नाहीत.”

नंदकिशोररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

“थांबा, इतक्यात सोडू नका. गाडी इथे आणायच्या आधी मी झाकणाच्या दर पेचावर बिनरंगी नेलपॉलिशची रेघ ओढली होती. अर्धी पेचावर, अर्धी झाकणावर. पेच तसूभर फिरला तरी रेघ तुटते. सोळा पेच, सोळा रेघा, एकही तुटलेली नाही.” त्या मिस्त्रीकडे वळल्या. “रविवारी ह्या गाडीत मी बसणार होते, शंकरसिंग! झाकण तू उघडलंच नाहीस, सील बदललंच नाहीस, तेल भरायच्या भोकातून नुसतं घट्ट तेल ओतलंस. खोटारड्या, मग तो बेडूक निघाला कुठून?”